पहूरच्या फाट्यावर कोणती भाषा बोलतात?

आजच्या भागात आपण पहूरला जाणार आहोत. जळगाव जिल्हा, जामनेर तालुका. जळगावहून अजिंठ्याकडे निघालात की हे गाव रस्त्यावरच लागतं. बाहेरच्या माणसाला पहूर आठवतं ते लेणी बघायला जाताना चहासाठी गाडी थांबली होती म्हणून. आणि पाचोरा-जामनेर नॅरोगेज गाडीत, म्हणजे आपल्या 'पीजे'त, कधी बसला असाल तर स्टेशन म्हणून आठवेल.

पहूरच्या स्टँडवर अर्धा तास नुसतं बसा. मोबाइल खिशात ठेवा आणि फक्त ऐका. पाचोऱ्याकडून आलेला एक जण ओळखीच्याला हाक मारतो, "कोठे जाई ऱ्हायना रे भो?" जामनेरकडचा विचारतो, "कुठे जाऊ ऱ्हायला रे भाऊ?" घाटावरून, फर्दापूर-अजिंठ्याकडून आलेल्या बाई विचारतात, "कुठं निघालास बाबा?" प्रश्न एकच आहे. तिघांनाही एकमेकांचं बोलणं कळतं, कुणी दुभाषा शोधत नाही. तरी कोण कुठल्या दिशेनं आलं हे चहावाल्यालाही न सांगता समजतं.

आता प्रश्न असा, की यातली मराठी कोणती? तिन्ही मराठी म्हणायच्या, की एखादी वेगळी भाषा? आणि हे ठरवतं कोण? वाटतो तेवढा हा प्रश्न पुस्तकी नाही. शंभर वर्षांपूर्वी सरकारी कागदावर त्याचं उत्तर लिहिलं गेलं, आणि ते उत्तर आजही जनगणनेच्या तक्त्यात आहे. तिथूनच सुरुवात करू.

एक गोष्ट, शेकडो बोली

जॉर्ज ग्रियर्सन हा आयर्लंडचा माणूस, आयसीएस अधिकारी. नोकरीचा बराच काळ बिहारात गेला. १८८६ मध्ये व्हिएन्नाला प्राच्यविद्या अभ्यासकांची परिषद भरली. हिंदुस्थानातल्या भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी अशी मागणी तिथे झाली. प्रत्यक्ष काम १८९४ च्या सुमारास सुरू झालं आणि संपायला १९२८ उजाडलं. अकरा खंड, एकोणीस भाग. नोंद झाली १७९ भाषांची आणि ५४४ बोलींची.

आता काम कसं चालायचं बघा. ग्रियर्सन काही गावोगाव हिंडला नाही. जिल्ह्याजिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांना पत्रं गेली, की तुमच्याकडे जी बोली असेल तिचे नमुने पाठवा. पहिला नमुना सगळ्यांना सारखाच, बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट. दुसरा त्या भागातला स्वतःचा, एखादी लोककथा, गाणं किंवा साधं संभाषण. तिसरी शब्दांची आणि छोट्या वाक्यांची ठरावीक यादी. एकच गोष्ट सगळ्यांकडून का मागवली? कारण त्या गोष्टीत मी-तू-तो आहे, झालेलं आहे, होणार आहे, बापाला, बापाने, बापाकडे असे सगळे प्रत्यय येतात. मजकूर तोच राहिला की व्याकरणाचा फरक आपोआप उघडा पडतो.

यात एक उणीव होती. नमुने लिहून पाठवणारे बहुतेक शिकलेले लोक, म्हणजे शिक्षक, कारकून. त्यांच्या हाताला शाळेतल्या लेखनाचं वळण. बोलणाऱ्याच्या तोंडचा आवाज कागदापर्यंत कितपत आला असेल? हा प्रश्न ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

पहूरच्या दृष्टीनं आणखी एक गोष्ट. ही पाहणी हैदराबाद आणि म्हैसूर संस्थानांत झालीच नाही, मद्रास इलाख्यातही नाही. पहूर ब्रिटिशांच्या खानदेश जिल्ह्यात. इथून जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरवरची अजिंठ्याची लेणी मात्र निजामाच्या राज्यात. म्हणजे पाहणीची हद्द आपल्या डोळ्यांदेखत त्या डोंगराशी संपली. घाटाखालच्या माणसाची बोली नोंदली गेली आणि घाटावरच्या त्याच्या व्याह्याची राहून गेली. त्या दोघांच्या बोलण्यात त्या जागी काही भिंत होती म्हणून असं झालं नाही. हद्द राज्यांची होती, एवढंच.

खानदेशी कुठल्या खंडात?

पाहणीचा मराठीचा खंड सातवा, तो १९०५ मध्ये छापला गेला. साहजिकच वाटेल की खानदेशची बोली त्यातच असणार. ती तिथे नाही. ती निघाली नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ मध्ये, भिल्ली भाषांच्या शेजारी. खानदेशी, म्हणजे मुख्यतः अहिराणी, ही मराठीची पोटबोली नसून तिचं मूळ नातं गुजराती-राजस्थानीच्या बाजूचं आहे आणि मराठीचा तिच्यावर दाट थर बसलेला आहे, असा तो निर्णय होता.

कशावरून? साधी वाक्यं घेऊ. प्रमाण मराठीत आपण म्हणतो, "मी घरात जातो." अहिराणीत, "मी घरमा जास." गुजरातीत, "हुं घरमां जाउं छुं." 'घरमा' आणि 'घरमां' शेजारी ठेवून बघा. "रामाचा घोडा" अहिराणीत "रामना घोडा" होतो, गुजरातीत "रामनो घोडो". मराठीतला 'आहे' अहिराणीत 'शे' आहे आणि गुजरातीत 'छे'. शब्द एका भाषेतून दुसरीत सहज जातात. टेबल, स्टेशन, तिकीट आपण घेतलेच की. पण 'त', 'चा', 'आहे' हे व्याकरणाचे खिळे आहेत, ते सहसा बदलले जात नाहीत. म्हणून भाषेचं नातं तपासताना अभ्यासक शब्दांआधी हे खिळे बघतात.

आता "मी जास" मधली गंमत. प्रमाण मराठीत बोलणारा पुरुष असेल तर 'मी जातो', बाई असेल तर 'मी जाते'. म्हणजे मराठीत नुसतं 'मी जाते' म्हटलं तरी बोलणारी बाई आहे हे कळतं. अहिराणीत आजोबाही 'मी जास' म्हणतात आणि आजीही 'मी जास'च म्हणते. तू जास, तो जास, ती जास, सगळ्यांना एकच रूप. अनेकवचनात 'जातस'. याचा अर्थ अहिराणीला स्त्री-पुरुष कळत नाही असा नाही. "काय करी ऱ्हायना?" हे पुरुषाला आणि "काय करी ऱ्हायनी?" हे बाईला. लिंग दाखवायची जागा फक्त दुसरी आहे. जगात याच्या सगळ्या तऱ्हा सापडतात. हिंदीत दोन लिंगं, मराठीत तीन. बंगालीत क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतच नाही. तुर्की आणि फिनिशमध्ये 'तो' आणि 'ती' यांना मिळून एकच शब्द. कुणाचंही अडत नाही.

प्रत्येक खुणेची रेघ वेगळी

इथपर्यंत ऐकून वाटेल, झालं, निकाल लागला. अहिराणी म्हणजे गुजरातीची बहीण. पण मंडळी, परत पहूरच्या स्टँडवर या.

पाचोऱ्याकडे 'शे' ऐकू येतो. जामनेर-भुसावळच्या पट्ट्यात, जिथल्या बोलीला तावडी म्हणतात, तिथे 'शे' मागे पडून 'हाये' येतो. म्हणजे 'शे'ची रेघ इथेच कुठेतरी आहे. ती कुठल्याही कुंपणासारखी नाही, एकाच गावात दोन्ही सापडतील, लग्न होऊन आलेली सून माहेरचं रूप घेऊन येईल. 'मा'चीही तीच गत, ती पश्चिमेकडची खूण.

आता 'ले' घ्या. "माले पानी दे," हे अहिराणी. प्रमाण मराठीत "मला पाणी दे". पण 'माले' तावडीतही आहे, लेवा गणबोलीतही आहे, आणि पुढे मलकापूर ओलांडून वऱ्हाडात गेलात तरी 'मले, तुले' तुमची साथ सोडत नाही. आणि वऱ्हाडी तर ग्रियर्सनच्या ग्रंथात मराठीच्याच खंडात आहे. मग 'ले' ही खूण कुणाची मानायची?

तसाच 'ळ'. डोळा इथे 'डोया', काळा 'काया', फळ 'फय'. बैलांचा सण 'पोया'. ही सवय अहिराणीची एकटीची नाही, तावडी, लेवा, वऱ्हाडी सगळीकडे ती आहे. 'ण'च्या जागी 'न' तर त्याहून दूरपर्यंत. आणि मौज म्हणजे गुजरातीत 'ळ' शाबूत आहे! म्हणजे 'शे' आणि 'मा' पश्चिमेला बोट दाखवतात, 'ळ'चा 'य' पूर्वेला बोट दाखवतो, 'ले'ही पूर्वेलाच जातो. भाषाशास्त्रात अशा प्रत्येक खुणेची नकाशावर वेगळी रेघ काढतात. त्या सगळ्या रेघा एकावर एक पडल्या असत्या तर भाषेची सीमा स्वच्छ दिसली असती. पहूरच्या आसपास त्या एकमेकींना छेदतात.

लोकांच्या नावावरूनही हा गुंता सुटत नाही. लेवा पाटीदार समाजाच्या नावाचं नातं थेट गुजरातेत निघतं, पण त्यांची लेवा गणबोली 'शे' म्हणत नाही, ती मराठी-वऱ्हाडीच्या बाजूला जास्त झुकते. त्याच बोलीतल्या आपल्या बहिणाबाई चौधरी, असोद्याच्या. जन्म १८८०, निधन १९५१. लिहिता-वाचता येत नव्हतं. ओव्या मुलानं, कवी सोपानदेवांनी आणि घरच्यांनी टिपून ठेवल्या. १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक निघालं. महत्त्वाची गोष्ट ही की छापताना 'य'चा 'ळ' करून ते शुद्ध केलं नाही. 'ले' तसाच ठेवला. महाराष्ट्रानं ती कविता डोक्यावर घेतली. त्याच 'ळ'च्या जागच्या 'य'ला शाळेच्या वहीत मात्र लाल शाई मिळते.

शंभर किलोमीटरवर खरं परकेपण

अहिराणी आणि मराठी यांचा वाद हा चुलत घरातला आहे. दोघीही एकाच मोठ्या कुळातल्या, प्राकृतातून आलेल्या. भाषा खरोखर किती वेगळ्या असू शकतात हे बघायचं तर लांब जायला नको. सातपुड्यात चला.

तिथे कोरकू आहे. ती आपल्या कुळातली नाहीच, ती मुंडा गटातली, संथाळी-मुंडारीची नातलग. मराठीत वचनं दोन, एक आणि अनेक. कोरकूत तिसरं आहे, दोघांसाठीचं द्विवचन. संस्कृतात ते होतं, आपण ते कधीच टाकून दिलं. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद आहे. 'आपण जाऊ' म्हटलं की ऐकणारा त्यात आला, 'आम्ही जातो' म्हटलं की तो राहिला. हिंदीच्या 'हम'ला हे जमत नाही, इंग्रजीच्या 'वी'लाही नाही. कोरकू याच्याही एक पाऊल पुढे. 'आपण दोघं', 'आम्ही दोघं', 'आपण सगळे', 'आम्ही सगळे', चौघांना चार वेगळे शब्द.

आणि कोरकूच्याच शेजारी निहाली. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद आहे, आपलं जळगाव नव्हे, पहूरपासून अंदाजे शंभर किलोमीटर. त्या भागातल्या वस्त्यांत ही भाषा बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरात. निहालीत कोरकूचे भरपूर शब्द आहेत, मराठी-हिंदीचे आहेत. दोन, तीन आणि चार हे आकडे द्राविडी वळणाचे आहेत. हे सगळं बाजूला काढलं की खाली जे उरतं ते जगातल्या कुठल्याच भाषेशी जुळत नाही. डच अभ्यासक कायपर यांनी १९६२ मध्ये यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यांच्या हिशेबानं शब्दसंपदेचा सुमारे चौथा हिस्सा असा बिननात्याचा होता. युरोपात स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरची बास्क भाषा अशी एकटी आहे. तिच्यावर ग्रंथालयं भरली आहेत. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली निहाली आपल्यापैकी किती जणांनी ऐकली?

अक्षरं सगळं सांगत नाहीत

मघाशी म्हटलं होतं, बोलणाऱ्याचा आवाज कागदावर कितपत येतो? आता तिकडे वळू. प्रमाण मराठीचंच उदाहरण घ्या. 'जग' असं लिहिलं. याचा अर्थ दुनिया, की 'जगणे'मधला जग? लिहिण्यात काही फरक नाही. तोंडानं म्हणून बघा, पहिला 'ज' टाळूला लागतो, दुसरा दातांजवळ. तसंच 'चार' आणि 'चारा'. देवनागरी जशी उच्चारावी तशी लिहिली जाते असं आपण अभिमानानं सांगतो, पण इथे तिच्याकडे वेगळं अक्षर नाही. आपण ते कानानं शिकलो, म्हणून अडत नाही. परकी माणसं मराठी शिकताना इथेच अडखळतात.

लिपी आणि भाषा या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे बघायला पहूरहून अजिंठ्याला जावं. वाघूर नदी जिथे वळसा घेते तिथे दहावं लेणं आहे. त्यात दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे, भाषा प्राकृत. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. लिपी ब्राह्मीचंच पुढचं रूप, पण भाषा संस्कृत. आणि परत दहाव्या लेण्यात या. खांबावर १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं रोमन अक्षरांत आपलं नाव खरडून ठेवलंय. एकाच लेण्यात दोन लिप्या, मध्ये दोन हजार वर्षं. मराठीचं म्हणाल तर आपल्या पणजोबांची खरेदीखतं मोडीत आहेत आणि आपल्याला ती वाचता येत नाहीत, म्हणून पणजोबा काही परक्या भाषेत बोलत नव्हते. कोंकणी तर आज देवनागरी, रोमन, कन्नड, मल्याळम आणि अरबी अशा पाच लिप्यांत लिहिली जाते. १९२८ मध्ये तुर्कस्ताननं अरबी लिपी सोडून रोमन घेतली, लोक दुसऱ्या दिवशीही तुर्कीच बोलत होते.

खानदेशातला आणखी एक शिलालेख सांगतो. चाळीसगावजवळ पाटण, पाटणादेवीचं ठिकाण. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला. त्या मठाच्या दानाचा लेख शके ११२८ चा आहे, ज्ञानेश्वरीच्या ऐंशीएक वर्षं आधीचा. वंशाची थोरवी आणि विद्येची स्तुती संस्कृतात आहे. पण बाजारातल्या मालावर मठाला काय मिळायचं, घाण्यामागे तेल किती, हा व्यवहार आला की लेख मराठीवर येतो. ज्यांनी द्यायचं त्यांना कळायला हवं ना! हा भाग आज अहिराणीच्या पट्ट्यात मोडतो. तिथे आठशे वर्षांपूर्वी लिहिण्याची व्यवहारभाषा मराठी होती. लोक घरी नेमकं कसं बोलत, ते दगडावरून कळत नाही. लिहिलं जातं ते टिकतं, आणि टिकलं तेच खरं असं आपण धरून चालतो.

मातृभाषेचा रकाना

आता शेवटाकडे येतो. चौथीत असताना वहीत मी एकदा 'डोया दुखस' असं लिहिलं होतं. गुरुजींनी दोन्ही शब्दांवर काट मारली, वर्गात वाचून दाखवलं, वर्ग हसला. मीही हसलो. घरी गेल्यावर आईनं विचारलं, डोया कसा शे? आणि मला पहिल्यांदा आईच्या बोलण्याची लाज वाटली. गुरुजींवर माझा राग नाही, त्यांच्याही गुरुजींनी तेच केलं असणार. पण आज कळतं की त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. 'दुखस' हे रूप नियमानं बनलेलं होतं, 'करस' आणि 'जास'सारखंच. चूक एवढीच, की ते ज्या व्याकरणाचं होतं ते पाठ्यपुस्तकात नव्हतं. "घरी डोया, वहीत डोळा," एवढं एक वाक्य सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पोराला दोन्ही नियम आले असते आणि आई चुकीची ठरली नसती.

या लाजेचा हिशेब जनगणनेतही उमटत असेल का? आपल्या जनगणनेत खानदेशी ही मराठीपासून वेगळी भाषा म्हणून मोजतात, ग्रियर्सनच्या वेळची ती वाटणी अजून चालू आहे. २००१ मध्ये खानदेशी सांगणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. लोकसंख्या वाढली, हा आकडा घटला. बोलणारे कमी झाले, की बोलणाऱ्यांनी रकान्यात 'मराठी' सांगितलं? नुसत्या आकड्यावरून हे ठरत नाही. एवढं मात्र खरं की २०११ मध्ये देशभरातून मातृभाषेची १९,५६९ वेगवेगळी नावं आली होती. छाननी होऊन, गट पाडून शेवटी १२१ भाषा उरल्या. कुठलं नाव कुठल्या डब्यात जातं हे कार्यालयात ठरतं, पण नाव सांगणारे आपण असतो.

पुढची जनगणना येते आहे. मोजणारे पहूरलाही येतील, मातृभाषा विचारतील. मी तुम्हाला अमुकच सांगा असं म्हणणार नाही. मराठी सांगितलीत तर ती खोटी नाही, आपलं शिक्षण, पत्रं, भांडणं, सगळं मराठीत झालंय. अहिराणी सांगितलीत तर ती मराठीशी गद्दारी नाही. फक्त उत्तर देण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं बोलणं एकदा नीट ऐका. 'शे' म्हणतात का 'हाये', 'मा' म्हणतात का 'त'. जमलं तर मोबाइलवर दहा मिनिटं रेकॉर्ड करून ठेवा. ग्रियर्सनला कारकुनाच्या हातून जे मिळालं नाही, ते तुमच्या ओसरीवर बसलेलं आहे.

आणि तुमच्याकडे 'कुठे चाललास?' कसं विचारतात ते गावाच्या नावासकट आम्हाला नक्की कळवा. आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या भागात. येतस मंग!